लोसालीनचं शेवटचं दुखणं

रविवारी चर्चची पहिली घंटा झाली, तेव्हा लोसालीनच्या काखेत रडणारा तोमासी होता, हातात इस्त्री होती आणि पायाशी नारळाच्या दुधाचं तळं साचलं होतं. मधल्या दोघा पोरांनी भांड्याची ओढाओढ केली होती. दुपारच्या जेवणाला गुंडाळायची अळूची पानं कोरडीच राहिली.

तोमासीला दात येत होते. आईच्या अंगाशिवाय तो कुठेच डोळा मिटत नव्हता. नवरा मोसेसे ऑस्ट्रेलियात फळं तोडायला गेलेला. फोनवर गोड बोलायचा, पण फोनवरून काही मूल कडेवर घेता येत नाही.

"मेले गं बाई!" लोसालीन भिंतीला टेकली. "आता खरंच संपले मी."

मग तिने थोरल्या सेइनीबरोबर मधल्या दोघांना चर्चला धाडलं आणि स्वतः बाळाला घेऊन घरी थांबली.

रविवारच्या शाळेत बाईंनी विचारलं, "आज कुणासाठी प्रार्थना करायची?" एकाने लंगड्या कुत्र्याचं नाव घेतलं. मग पाच वर्षांची सेइनी उभी राहिली.

"माझ्या आईसाठी. ती मरतेय."

"काय बोलतेस पोरी! कुणी सांगितलं?"

"तिनेच. आज सांगितलं, काल पण सांगितलं."

"होतंय काय तिला?"

"झोप नाही लागत. चक्कर येते. आणि रडते. आम्ही बघितलं की म्हणते, कांदा चिरत होते."

बाई धावत मोठ्या सभेत गेल्या. पाळक वाइपुलूंनी उपदेश अर्ध्यावर सोडला. एवढं तर वादळाच्या वर्षीही घडलं नव्हतं. गायकवृंदातल्या कुणीतरी तेवढ्यात ऑस्ट्रेलियाला फोन लावला. बायका घरी जाऊन काळे कपडे चढवून, रीतीप्रमाणे कमरेला दुखवट्याच्या चटया गुंडाळून आल्या. उगाच दोन खेपा कशाला! कुणी भाजलेलं डुक्कर अख्खं उचलून आणलं. ज्याचं दुपारचं जेवण ते होतं, तोही मागोमाग आला.

इकडे लोसालीनचा नुकताच विजय झाला होता. तोमासी तिच्या छातीवर झोपला होता आणि ती जमिनीवर उताणी, हातपाय ताठ करून, श्वास रोखून पडली होती.

दारातून आत डोकावणाऱ्या फिफिता मावशीने ते पाहिलं आणि हंबरडा फोडला. मागच्या सगळ्यांनी साथ दिली. तोमासी किंचाळत उठला. लोसालीन धडपडून बसली.

"अगं बाई! कोण गेलं?"

"तू!" मावशी म्हणाली आणि तिथेच मटकन बसली.

तेवढ्यात फोन वाजला.

"लोसालीन? तू आहेस? मग रडतंय कोण?" मोसेसेने विचारलं.

"तोमासी. आणि बाकीचे माझ्यासाठी रडताहेत. अहो, मी जिवंत आहे. डुक्करसुद्धा आलंय."

पलीकडे बराच वेळ नुसतं नाक ओढल्याचं ऐकू येत राहिलं.

फोन ठेवून तिने वर पाहिलं. अंगणभर काळ्या कपड्यांतली माणसं दिसत होती. पाळक बायबल छातीशी धरून उभे होते. लाजेने तिला जमिनीत शिरावंसं वाटलं.

"पाळकसाहेब, माफ करा. मला काही झालेलं नाही. मी नुसती दमलेय."

पाळकीणबाई पुढे आल्या.

"नुसती?" त्यांनी दुखवट्याची चटई सोडून कोपऱ्यात टाकली. "सात पोरं वाढवलीत मी. मला नको सांगूस नुसती म्हणजे काय ते. झोप तिथेच. मावशी, तुम्ही नारळ खरवडा. तुम्ही दोघी पोरांना न्हाऊ घाला." मग सबंध घरात एकाच माणसाच्या हाताला काम नव्हतं, म्हणून बायबल काढून घेऊन तोमासीला त्यांनी पाळकांच्या हातात कोंबलं.

"अगं, मला प्रार्थना करायचीय!"

"मग करा ना. प्रार्थनेत सगळ्यांनाच झोप येते, त्यालाही येईल."

पाळक चटईवर बसले आणि त्यांनी प्रार्थना सुरू केली. लोसालीन आडवी होऊन ऐकू लागली. कित्येक दिवसांत तिने स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. देवाच्या दारी आपला नंबर येतच नाही, असं तिच्या मनाने घेतलं होतं. बाहेर नारळ खरवडल्याचा आवाज येत होता आणि तो आपल्याला खरवडायचा नाही, या विचारानेच तिचे डोळे भरून आले. या वेळी घरात कांदा नव्हता. देव ऐकतो बहुतेक, तिला वाटलं; निरोप सांगायला मात्र असली पोरं धाडतो. एवढ्यात तिचा डोळा लागला.

'आमेन' म्हणायला पाळकांनी डोळे उघडले, तर आई झोपलेली, मांडीवर बाळही झोपलेलं. लोक 'आमेन' पुटपुटत चवड्यांवर बाहेर पडले. दुपार सरली, संध्याकाळच्या उपासनेची घंटा झाली. पाळक जरासे हलले, तसा तोमासी कुरकुरला. ते थिजले.

"तुम्ही बसा," पाळकीणबाई दारातून कुजबुजल्या. "आजचा उपदेश मी करते." आणि गेल्यासुद्धा.

अंधारून आलं. पाळकांच्या पायांना मुंग्या आल्या, नाकावर माशी बसली. सेइनी शेजारी बसून त्यांच्याकडे बघत होती.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "आता काय करायचं गं?"

"काही नाही," सेइनी म्हणाली. "हलायचं नाही."

"कुठवर?"

"आई तर सकाळपर्यंत बसते."