चौदाव्या गाडीचा इतिहास

“येवढ्या बिलायमधी ब्रेक पॅडचं एकही नाही. ब्रेक लावतच नव्हता काय हा?” मामाजी माझ्या कानाशी पुटपुटले. मालक दोन हातांच्या अंतरावर उभा होता, म्हणून आवाज हळू. मामाजींचा हळू आवाज साधारण शेजारच्या प्लॉटपर्यंत जातो. ही सातवी गाडी होती. तिथेच बाद झाली.

माणूस खोटं बोलतो, सर्व्हिसिंगचं बिल सहसा बोलत नाही. म्हणून जुनी गाडी घेताना आधी तिचा इतिहास पाहावा, मग गाडी पाहावी, आणि मालकाकडे शक्यतो पाहूच नये. हा सिद्धान्त मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. कोराडीच्या वीजकेंद्रात चौतीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढलेला माणूस कागदाशिवाय कशावरही विश्वास ठेवत नाही. (मला पाहायला आले तेव्हा त्यांनी पोह्यांआधी शाळा सोडल्याचा दाखला मागितला होता. आठवीचा होता. तो उजेडात धरून पाहिला, ‘ओरिजिनल हाय’ म्हणाले, आणि संबंध पक्का झाला.)

आता मूळ प्रकरण. मामाजींना बहात्तराव्या वर्षी जुनी गाडी घ्यायची आहे. नातीला, म्हणजे आमच्या भूमिकाला, रोज सकाळी ट्यूशनला स्वतः चालवत सोडायचं आहे. आणि मामाजींना काचबिंदू आहे. धंतोलीच्या डॉक्टरांकडचा रिपोर्ट आणायला आमचे हे, म्हणजे अंकुश, एकटेच गेले होते. कडेची नजर गेलेली, समोरची धूसर, गाडी अजिबात चालवू देऊ नये, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. तो रिपोर्ट आम्ही गव्हाच्या कोठीमागे सुरक्षित ठेवला आहे. डोळ्यांत घालायचे थेंब ‘उन्हाळ्याचे’ म्हणून घालतो. (हिवाळ्यातही.) गेल्या महिन्यात मामाजी कापडाच्या दुकानाबाहेरच्या पुतळ्याला जयभीम करून आले, आणि त्यानं उलट जयभीम केला नाही म्हणून दोन दिवस नाराज होते. आम्ही म्हणालो, लोक माजलेच आहेत आजकाल.

त्यांना सांगायचं कोणी, यावर रीतसर विचार झाला. हे म्हणाले, कामिनीताई सांगेल, ती थोरली. माझी नणंद कामिनीताई म्हणाली, जया सांगन, सुनेचं ते ऐकतात. मी म्हणाले, डॉक्टर सांगतील. डॉक्टर म्हणाले, घरच्यांनी सांगितलेलं बरं. अशा रीतीनं विषय धंतोलीपर्यंत जाऊन सुखरूप घरी परत आला.

तेव्हा मामाजींचाच सिद्धान्त मदतीला धावला. इतिहास पाहिल्याशिवाय गाडी घ्यायची नाही ना? मग पाहू या इतिहास. जगात निष्कलंक इतिहासाची गाडी नसते, या श्रद्धेवर आम्ही एक समिती नेमली. अध्यक्ष मामाजी. बिलांचं वाचन कामिनीताईंकडे, कारण अध्यक्षांचा चष्मा दर वेळी घरी राहिलेला असे. तांत्रिक सल्लागार पिंटू मिस्त्री, ज्याला आदल्या दिवशी फोन करून ‘काहीतरी काढ रे बाबा’ एवढं सांगितलेलं असे. नोंदवही माझ्याकडे. आमच्या ह्यांच्याकडे मान हलवण्याचं काम.

कार्यपद्धती आम्ही ठरवून टाकली. तिचा सगळ्यांनी उपयोग करावा. मीटरवर तीस हजार किलोमीटर आणि क्लचच्या पायडलाचं रबर गुळगुळीत, तर मीटर मागे फिरवलेलं. बिलावरचा किलोमीटरचा आकडा आधीच्या बिलापेक्षा कमी, तर मालक उलटा चालवत होता किंवा आपल्याला चालवतो आहे. टायरवर चार आकडे असतात, आठवडा आणि साल. गाडी अमुक सालची आणि टायर तिच्याहून म्हातारा निघाला, तर नमस्कार करून निघावं. पाच वर्षांच्या सर्व्हिसिंगचे शिक्के एकाच शाईत असले, तर एकाच दुपारचे आहेत.

इथवर कोणीही शहाणा माणूस येतो. आम्ही पुढे गेलो. कमी सर्व्हिसिंग झालेली गाडी म्हणजे दुखणं अंगावर काढणारी. जास्त झालेली म्हणजे कायमची आजारी. वेळच्या वेळी झालेली म्हणजे, कामिनीताईंच्या शब्दांत, “येवढी साळसूद काहून वं? काहीतरी लपवून राहिली असन.”

अकरा रविवारांत तेरा गाड्या पाहिल्या. पाच मीटर फिरवल्यामुळे बाद. तीन कागद अपुरे म्हणून. दोन कागद जास्त म्हणून. एकीच्या बिलांना डाळीचा वास येत होता. एकीचा मालक फार हसत होता. एकीत ब्रेकचं बिल नव्हतं, ते वर आलंच आहे.

मामाजी मात्र खुश होते. शनिवारीच शर्टाला इस्त्री. गाडी सुरू केली की डोळे मिटून बॉनेटवर हात ठेवायचे आणि सांगायचे, “तिसरा सिलिंडर मार खाऊन राहिला.” पिंटू उघडून पाही, तर तिसराच. ऑइल दोन बोटांत चोळून किती महिन्यांचं ते सांगत. पिंटूनं एकदा मला बाजूला घेतलं. “वहिनी, मले काही काढावं लागत नाही. काकाजीच काढतात. मी फुकट पोहे खाऊन राहिलो.”

चौदावी गाडी मनीषनगरला निघाली. मालक भैय्याजी, निवृत्त हेडमास्तर. त्यांनी फाइल आणली तेव्हाच मी नोंदवही मिटली. नऊ वर्षांची बिलं तारीखवार. प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल वहीत. हवा कधी भरली तेही. कामिनीताई वाचत गेली आणि तिचा आवाज बारीक होत गेला. पिंटू गाडीखाली शिरला तो बराच वेळ बाहेरच येईना. आला तेव्हा घामानं भिजलेला. “वहिनी,” तो कुजबुजला, “काहीच नाही हो. नवरीवानी गाडी हाय.”

“रंग तरी पुन्हा मारलेला असेल?”

“कंपनीचाच.”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी मान हलवली. त्या मानेत काही अर्थ नव्हता. आता गाडी घरी येणार होती, आणि सोमवारी सकाळी भूमिका मामाजींच्या शेजारी बसणार होती.

भैय्याजींनी किल्ली पुढे केली. “चालवून पाहा ना.”

मामाजींनी किल्ली घेतली नाही. ते गाडीभोवती हात फिरवत एक चक्कर मारून आले आणि डाव्या दारापाशी थांबले. बोटं तिथेच मागेपुढे करत राहिले.

“विकून काहून राहिले भैय्याजी?”

(आमच्या नोंदवहीत एकेचाळीस प्रश्न होते. हा नव्हता.)

“पोरगा म्हणते, गाडी जुनी झाली. इंजिनचा भरोसा नाही.”

“इंजिन तं मक्खन हाय.”

“मीबी तेच म्हणतो!”

“मंग हे डाव्या दारावर काय हाय? पाच ओरखडे. एकावर एक, एकाच उंचीचे. फाइलमधी नाही लिहिले.”

“गेट अरुंद हाय आमचं.”

“पहिले रुंद होतं काय?”

“नाही.”

“पहिले किती ओरखडे पडत होते?”

“एकही नाही,” भैय्याजी म्हणाले.

भैय्याजींचा मुलगा ओट्यावर उभा होता, त्याला एकदम मोबाइलमध्ये काम निघालं. पिंटू पाने पुसायला लागला. मी, कामिनीताई आणि आमचे हे, तिघंही मागच्या टायरकडे एकाग्रतेनं पाहू लागलो. (वाचकांनी हसू नये. कोणाकडे पाहायचं नसलं की पाहायला असा एक टायर तुमच्याही घरी आहे. आत्ता हे वाचताना ज्या कोणाची आठवण झाली, त्यांच्याशी काल तुम्ही हवापाण्यावर बोललात.)

“डाव्या अंगानं दिसत नाही तुम्हाले,” मामाजी म्हणाले. त्यांचा हळू आवाज. “पोरगं चांगलं हाय तुमचं. तुम्हाले नाव ठेवण्यापेक्षा गाडीले ठेवते. माझ्या घरचेही असेच हायेत. तेरा गाड्यायची खोट मालकाच्या तोंडावर सांगितली त्यायनं. मले दिसत नाही, येवढं एकच नाही सांगितलं.”