नवरा लाल होण्याचं शास्त्रीय कारण

"विज्ञान वाचायचं नसतं, करायचं असतं!" असं सम्यक बनसोडेने स्टाफरूममध्ये जाहीर केलं, तेव्हा कोणीही चहाचा कप खाली ठेवला नाही. नवीन लागलेला प्रत्येक शिक्षक पहिल्या महिन्यात असं काहीतरी जाहीर करतोच. मग त्याला निवडणुकीची ड्युटी लागते आणि तो शांत होतो.

सम्यक शांत होणाऱ्यांतला नव्हता. दहिसरहून दोन बस बदलून तो मुलुंडला यायचा. एवढ्या प्रवासात माणसाला एकतर वैराग्य येतं नाहीतर जिद्द. त्याला जिद्द आली होती.

या मराठी शाळेत प्रयोग फळ्यावर व्हायचे. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. शिक्षक फळ्यावर परीक्षानळी काढायचे, मुलं वहीत परीक्षानळी काढायची, झाला प्रयोग! सातवी 'ब' मधल्या तेजलने तर नळीतून निघणाऱ्या वाफा इतक्या सुरेख काढल्या होत्या, की तिला चित्रकलेत बक्षीस मिळालं. विज्ञानात ती काठावर पास होती.

खरी प्रयोगशाळा होती, नाही असं नाही. तळमजल्यावर, हॉलला लागून, कुलपात. आणि नेमकी तीच खोली संस्थेचे अध्यक्ष दळवीसाहेब यांच्या डोळ्यांत भरली होती. शाळा भरलेली नसेल तेव्हा हॉल लग्नकार्याला द्यायचे ते. पण नवरीला साडी बदलायला जागा नाही, म्हणून गिऱ्हाईक दुसरीकडे वळत होतं. सोमवारच्या मीटिंगला ठराव यायचा होता: प्रयोगशाळा मोडून वधूकक्ष करणे.

"मी हे होऊ देणार नाही, बाई!" सम्यकने मुख्याध्यापिका जानकी परब यांना सांगितलं.

"तू कोण रे होऊ न देणारा? तुझी नोकरी अजून कच्ची आहे, भेंडीसारखी," परबबाई म्हणाल्या. "साहेब म्हणतात, प्रयोगशाळेचा उपयोग काय? आहे काही दाखवण्यासारखं?"

"सोमवारच्या आत दाखवतो. असं दाखवतो, की साहेब जन्मात विसरणार नाहीत!"

हे मात्र शब्दशः खरं ठरलं.

शुक्रवारी त्याने सातवी 'ब' च्या वर्गात टिपकागदावर ओली हळद फासली. वर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकला. पिवळा कागद लाल! लिंबू पिळलं. लाल कागद परत पिवळा! वर्ग असा ओरडला, की वरच्या मजल्यावरच्या भूगोलाच्या बाईंना भूकंप वाटला आणि त्यांनी त्यावरही दहा मिनिटं शिकवून टाकलं.

"आता गृहपाठ!" सम्यक पेटला होता. "आपल्या परिसरात हळद शोधा. साबणाचं पाणी टाका. काय होतं ते लिहा. आणि कोणी ओरडलं तर घाबरायचं नाही. शास्त्रज्ञ माफी मागत नाही, पुरावा देतो!"

ही शेवटची दोन वाक्यं पुस्तकात नव्हती. पुस्तक लिहिणारी माणसं अनुभवी असतात.

संध्याकाळपर्यंत मुलुंड पूर्वेच्या चार गल्ल्यांमध्ये विज्ञानाचा प्रसार झाला. मुकुलने आजीच्या गुडघ्यावरचा हळदीचा लेप तपासला. आजीने मुकुलला तपासलं. कोणी पोह्यांवर साबण टाकला, कोणी वडिलांच्या डब्यातल्या वरणावर. पण तेजलचं समाधान होईना. हे सगळे किरकोळ नमुने! शास्त्रज्ञाला नमुना कसा, मोठा लागतो.

तो तिला शनिवारी मिळाला.

सकाळची शाळा सुटली तेव्हा हॉलमध्ये डीजे दणाणत होता. इस्त्रीवाला पाणी मारतो तसली, साबणाच्या पाण्याने भरलेली फवाऱ्याची बाटली हातात घेऊन तेजल दारात थबकली. संपूर्ण परिसरात मिळून नसेल एवढी हळद तिथे एकाच माणसावर होती. हा माणूस पाटावर बसला होता. बनियनपासून भुवयांपर्यंत पिवळा. तिच्या मागे अख्खी सातवी 'ब' येऊन उभी राहिली, वह्या उघडून.

हा माणूस म्हणजे निलेश दळवी. अध्यक्षांचा एकुलता एक मुलगा.

सम्यक वर स्टाफरूममध्ये होता. एकाएकी डीजे बंद पडला. मुंबईत हळदीचा डीजे मध्येच बंद पडतो तो दोनच कारणांनी: पोलीस आले किंवा कोणीतरी गेलं. तिसरं कारण आपण स्वतः असू, हे त्याच्या जिन्यातच लक्षात आलं, कारण खालून आवाज आला, "कोण तो बनसोडे?"

तो हॉलमध्ये शिरला. पाटावर निलेश बसला होता, लालभडक. ताज्या गाजरासारखा. नवऱ्याची आत्या, शकुआत्या, कपाळावर हात मारत होती. "पोराला माझ्या काय झालं गं बाई! ऐन हळदीत अपशकुन!"

खरा गोंधळ वेगळाच होता. नवऱ्याची उष्टी हळद नवरीकडे न्यायची असते. ती न्यायला नवरीचा राजेशमामा घाटकोपरहून वाटी घेऊन आला होता. त्याने वाटी पाठीमागे लपवली. "ही हळद मी नेणार नाही! पोरगी बघायला आलात तेव्हा नवरा गव्हाळ होता. हा लाल कधी झाला?"

"ॲलर्जी असेल," कोणीतरी म्हणालं.

"मग आधी का नाही सांगितलंत? अजून काय काय लपवलंय?"

दळवीसाहेब गर्रकन वळले. "हे कोणी केलं?"

तेजलने वर्गात करतात तसा हात वर केला. "मी, सर. सातवी ब. पण गृहपाठ बनसोडे सरांचा आहे."

"बनसोडे!" साहेब गरजले. "आत्ताच्या आत्ता माफी मागा. नाहीतर सोमवार कशाला, ती प्रयोगशाळा आजच रिकामी करतो!"

सातवी 'ब' सरांकडे बघायला लागली. माफी की पुरावा?

परबबाईंनी त्याला बाजूला ओढलं. "अरे, कुंकू हळदीचंच करतात ना? मग सांग, पोराचं कुंकू झालं, मोठा शुभशकुन आहे! आत्या खूश, मामा खूश, साहेब खूश. एका वाक्यात तुझी लॅब वाचते रे बाबा!"

शकुआत्याही पदर सावरून पुढे आली. "मास्तर, एवढंच सांगा. हे शुभ की अशुभ?"

सगळा हॉल थांबला. सम्यकला प्रयोगशाळेचं दार दिसत होतं, हाताच्या अंतरावर. एक शब्द! दोन अक्षरी!

"शुभ पण नाही, अशुभ पण नाही," तो म्हणाला. "अल्कली आहे."

"म्हणजे कोणाची दृष्ट?"

"साबणाची!"

परबबाईंनी डोळे मिटले. "मेलास तू," त्या पुटपुटल्या.

"नवरदेवांना न विचारता पाणी मारलं, त्याबद्दल सॉरी," सम्यक निलेशला म्हणाला. मग साहेबांकडे वळला. "पण ते लाल झाले त्याबद्दल नाही! ते नियमाने लाल झालेत. हळदीवर साबण पडला तर अध्यक्षांचा मुलगा पण लाल होतो आणि शिपायाचा पण. मला काढा, लॅब मोडा, हळद ऐकणार नाही! लिंबू आणा!"

"अरे यार, मला कोणी विचारणार आहे का?" निलेश पाटावरून म्हणाला. कोणीही विचारलं नाही. लग्नाची त्याला ही चांगली तालीम होती.

केटररने लिंबू दिलं. शकुआत्याने ते स्वतः घेतलं आणि आयुष्यभराच्या काळजीनिशी भाच्याच्या गालावर पिळलं.

गाल पिवळा झाला.

"आईशप्पथ!" राजेशमामा ओरडला.

आणि त्याहून मोठ्याने निलेश ओरडला. कारण त्याने सकाळीच सलूनमध्ये जाऊन उलटसुलट दाढी केली होती! तो पाटावरून असा उडाला, की डीजेवाल्याला वाटलं नाच सुरू झाला. त्याने गाणं लावलं.

तेजल शांतपणे लिहीत होती. "निरीक्षण. एक, नवरा पिवळा होतो. दोन, नवरा ओरडतो."

"आणि अनुमान?" मामाने काळजीने विचारलं.

"नवरा खराब नाहीये, काका. नेऊ शकता."

मामाने वाटी पुढे केली. पण घाटकोपरचा माणूस, खात्री केल्याशिवाय सोडतोय कशाला! "एकाच नवऱ्यावरून काय सिद्ध होतं? व्याह्यांवर करून दाखवा!" तोवर करवल्या, काका, चुलतभाऊ, सगळे हळदीने माखलेलेच होते. कोणीतरी तेजलची बाटली पळवली. कोणी बेसिनजवळचा साबण आणला. पाच मिनिटांत हॉलमध्ये लाल माणसं पिवळ्यांच्या मागे धावत होती आणि लिंबूवाले दोघांच्याही. सातवी 'ब' निरीक्षणं लिहून लिहून घामाघूम झाली. दळवीसाहेबांचा पांढराशुभ्र सदरा डावीकडून पिवळा आणि उजवीकडून लाल झाला. मधोमध साहेब होते.

गाणं संपल्यावर ते सम्यकसमोर येऊन उभे राहिले. हनुवटीवरून लिंबू ठिबकत होतं. सम्यक ताठ उभा होता. नोकरी गेली, हे त्याने मनातल्या मनात आईला सांगूनही टाकलं होतं.

"बनसोडे," साहेब म्हणाले, "ही असली पोरं तुम्ही उघड्यावर सोडता?"

"साहेब, प्रयोगशाळेला कुलूप आहे."

"मग काढा कुलूप! आत घ्या यांना! दार लावा! एक पोरगं, एक बाटली, एक थेंब मला बाहेर दिसता कामा नये! प्रयोगशाळा असते कशाला मग?"

वधूकक्षाचा ठराव सोमवारी आलाच नाही.

आला तो सातवी 'ब' चा वर्ग, रांगेने, प्रयोगशाळेत. जाळी झटकलेली, टेबलं पुसलेली, खिडकीतून ऊन येत होतं. बाहेरून शिपायाने साहेबांच्या हुकमाप्रमाणे कडी घातली. सम्यकची छाती इतकी फुगली होती, की शर्टाचं बटण ताणलं गेलं. खरी परीक्षानळी! खरा लिटमस! फळ्यावर काही नाही!

तेजलने निळा कागद लिंबाच्या रसात बुडवला. कागद लाल झाला. वर्गाने बघितलं. मग घड्याळाकडे बघितलं.

"अगं लिही ना निरीक्षण," सम्यक म्हणाला.

तेजलने कागद उलटा केला, कानाशी धरला आणि खाली ठेवला.

"सर, हा ओरडत नाही."

"विज्ञानात ओरडणं आवश्यक नसतं!"

"मग शनिवारचं कसं लक्षात राहिलं, सर? आणि याचं नाव पण विसरायला झालं." मागच्या बाकावर मुकुल जांभई देत होता. त्याच्या शेजारचा वहीत परीक्षानळी काढायला लागला होता, वाफांसकट.

सम्यकने वाफांकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. कडी बाहेरून होती.

"हळदीची वाटी आण," तो म्हणाला. "लिंबू अर्धंच पिळायचं."

आणि सकाळीच दाढी केलेला गाल त्याने पुढे केला.