जिभाऊंचं शवासन

आमच्या लिंबायतच्या गल्लीतले जिभाऊ सकाळी सहाच्या योगाला डबा घेऊन जातात. क्लास तासाभराचा, पण डब्यात दोन भाकरी, ठेचा, वर कांदा. मी म्हटलं, "जिभाऊ, तिथे जेवता कधी?" तर म्हणे, "जेवत नाही अक्का. पण पाळीला कोणी रिकाम्या हाताने जातं का?"

सगळं आयुष्य लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, आठ मशिनं सांभाळली माणसाने. मशिनं सुटली, पाळी सुटली नाही. सहाला योगा, नऊला भजनाचा क्लास, चारला ज्येष्ठांचा गरबा. गरब्यात आम्ही सगळ्या बायका आणि मध्ये हे एकटे. टाळी चुकली की स्वतःलाच शिवी हासडतात. तीही मोठ्याने, कारण खात्याच्या खडखडाटात जन्म गेल्यावर हळू बोलणं येणार कुठून? त्यांनी नुसतं "राम राम" म्हटलं तरी ओट्यावरची कुत्री उठून जातात.

आसनं सगळी जमतात. घोडं अडतं ते शवासनाला. आमची हेतलबेन, माझ्या नातीच्या वयाची पोर, ती म्हणते, "हवे बधा एकदम शांत." म्हणजे आता सगळे गप्प. आम्ही आडवे. पंखेसुद्धा बंद. मिनिटभर जातं न जातं तोच जिभाऊ ताडकन उठतात, "तार तुटनी रे!" आणि चटयांमधून धावत सुटतात. लूम गप्प झाली म्हणजे धागा तुटला, पळत जाऊन गाठ मारायची, हे त्यांच्या पायांत भिनलंय. डोक्याला कळायच्या आत पाय निघालेले असतात. एकदा तर पाटीलकाकूंच्या शालीचा सुटलेला दोरा दिसला, तिथेच बसून गाठ मारली. काकू शवासनातून ज्या उठल्या, त्या चार दिवस आडव्या झाल्या नाहीत.

शेवटी हेतलबेनने हात जोडले. "काका, आ तमाराथी नहीं थाय." तुमच्याने हे व्हायचं नाही, म्हणजे उद्यापासून येऊ नका, असंच झालं ते.

दुसऱ्या दिवशी जिभाऊ योगाला नाहीत. भजनाला नाहीत, गरब्यालाही नाहीत. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. दारापासूनच गोंगाट. टीव्ही चालू, रेडिओ चालू, रिकामा मिक्सर घरघरतोय आणि या सगळ्याच्या मधोमध जिभाऊ शवासनात पडलेले. मी मिक्सर बंद केला.

"प्रॅक्टिस करून राहिलो अक्का," ते म्हणाले. "आधी सगळं बंद करून पाहिलं. पाच मिनिटं पडलो. खात्यात गप्प झालं की कुठे धावायचं ते माहीत होतं. तुमची भावजय गेल्यापासून घर गप्प झालंय. इथे कुठे धावू?"

सकाळी मी त्यांना हाताला धरूनच क्लासला नेलं. हेतलबेनला म्हटलं, "पोरी, आजचा दिवस यांना राहू दे. माझी जबाबदारी." शवासनाला माझी चटई त्यांच्या चटईला चिकटवली. हॉल शांत झाला. जिभाऊंचे अंगठे वळवळायला लागले. मी कानाशी सुरू केलं, "काल भरीत केलं होतं. मीठ अंमळ जास्तच पडलं..."

"बा, मौन!" हेतलबेन मला म्हणाली.

"हो हो," म्हटलं, आणि आवाज अजून बारीक केला. "पहिला घास सुनेनेच घेतला. माझ्याकडे बघितलं..."

अंगठे थांबले. श्वास सावकाश चालायला लागला. झोप लागली वाटतं, म्हणून मी गप्प झाले.

डोळे न उघडता जिभाऊ म्हणाले, "मंग? सून काय म्हणाली?"