मुंबईची जागा

सदबा पेंटर भिंतीला रंग लावण्याआधी तिच्यावर टकटक करायचा आणि विचारायचा, "कोण आसा काय गो घरात?" मग कान लावून दोन मिनिटं उभा. आत पाल असो, मुंग्या असोत, कुणी सापडलं की त्या कोपऱ्याला त्या दिवशी सुट्टी! मी पडलो शाळामास्तर. घंटा दोन मिनिटं उशिरा झाली तरी माझं डोकं फिरतं. असला माणूस लालबागेत नेमका माझ्याच समोरच्या चाळीत राहायचा. एकटाच. खोलीत कुणाला बोलवायचा नाही.

डबाबंद रंग त्याला चालायचा नाही. "त्येका मातीचो वास नाय," म्हणायचा. गेरू, चुना, हळद, दिव्याची काजळी आणि डिंक, एवढाच त्याचा संसार. भिंतीवरून ऊन कसं सरकतं ते बघत सकाळभर उकिडवा बसायचा. आम्ही म्हणायचो, पेंटर झोपला. पण हात चालू लागला की बघत राहावं! तबेल्याच्या भिंतीवर त्याने काढलेल्या गवताला एका म्हशीने खरोखर तोंड लावलं होतं. डिंकासाठी लावलं असेल, पण लावलं.

पोरं रंगाजवळ आली की मात्र खेकसायचा. माझ्या तीन वर्षांच्या शालूवर असा ओरडला होता, की मी आठ दिवस त्याच्याशी बोललो नव्हतो.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. आमच्या कमिटीने रस्त्याकडच्या भिंतीवर दोन पुरुष उंच नकाशा काढायचं ठरवलं. रविवारी एक मोठे पुढारी येऊन त्याला हार घालणार होते. सेक्रेटरी मी, म्हणून पेंटर माझ्या गळ्यात.

गुरुवारी जाऊन बघतो तर विदर्भ झाला, मराठवाडा झाला, बेळगाव-कारवार झालं आणि मुंबई गायब! तिच्या जागी पांढरा ठिपका, मधे निघालेल्या विटेचं भोक.

"सदबा, अरे मुंबई कुठाय?"

"भितूर बाळंतीण आसा," तो हळूच म्हणाला. भोकात चिमणीने अंडी घातली होती. "मुंबय खंय पळान जातली? पिल्लां उडांदेत, मगे भरूया."

"मग नकाशा सरकव!"

"सरकवलो तर कारवार गटारात जातला."

आमचे अध्यक्ष दामूअण्णा गिरणीत जॉबर, कामगारांचे मुकादम. संध्याकाळी कमिटीत हे ऐकताच ते ताडकन उठले. "मुंबईशिवाय महाराष्ट्र? मास्तर, लोक जोड्याने मारतील आपल्याला! हा पेंटर दिल्लीवाल्यांना फितूर आहे. उद्या सिमेंट घालून भोक बुजवा."

तेच सांगायला मी दुसऱ्या दिवशी सकाळी सदबाच्या खोलीवर गेलो. दार उघडं होतं. खोली पांढरीशुभ्र, नुकताच चुना दिलेला. फक्त खाली, माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर, गेरूचा एक इवलासा पंजा. चुना त्याच्या कडेकडेने फिरवलेला, दर वर्षी, थरावर थर.

"चेडवाचो माझ्या," सदबा मागून म्हणाला. त्याला मुलगी होती हे मला ठाऊकच नव्हतं. "रंगात हात बुडवन भितीर मारल्यान. मी धपाटो घातलंय. आठ दिसांनी तापान गेला. पाठोपाठ तेची आवस, माझी बायल, गेली." मग पंजाकडे बघत म्हणाला, "भिंत दर वर्सा रंगवतंय मास्तरांनू, पण थयसर हात जाणा नाय."

मी सिमेंटचं नाव काढलं नाही. कमिटीसमोर मात्र उभा राहिलो आणि म्हणालो, "भोक बुजवायचं तर आधी माझा राजीनामा घ्या." एवढं धाडस मी हेडमास्तरांपुढेही कधी केलं नव्हतं.

रविवारी पुढारी आले. हार हातात, नजर भोकावर. गर्दीत कुजबुज. मी चाचरत चिमणीचं सांगितलं. ते एकदम हसले. "असू द्या! मुंबई मिळेपर्यंत ही जागा मोकळीच ठेवा. रोज बघा आणि लढा!" टाळ्यांचा कडकडाट झाला. संध्याकाळपर्यंत दामूअण्णा जिथे तिथे सांगत होते, "आयडिया माझीच!"

आजही भिंतीत खिळा ठोकायचा झाला तर माझं बोट आधी टकटक करतं. बायको हसते. हसू दे. आपल्याआधी तिथे कुणी राहत असेल, हे मला शाळेने शिकवलं नाही, सदबाने शिकवलं. त्या माणसाचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

पुढे मुंबईसह महाराष्ट्र झाला. त्या सकाळी आख्खी चाळ गुलालात. सदबा भिंतीपाशी आला, टकटक केली, कान लावला. घरटं रिकामं होतं. सगळे म्हणाले, चल, भर मुंबई! त्याने ब्रश उचललाच नाही. गर्दीत शालूला शोधलं. ती अजून त्याला भ्यायची, माझ्या मागे लपली.

"ये गो बाय," तो म्हणाला, "आज वराडणंय नाय."

त्याने तिला खांद्यावर घेतलं आणि तिचा हात गेरूत बुडवला. "दाब. जोरान दाब."

भोकाच्या शेजारी पाच बोटं उमटली.

"झाली मुंबय," सदबा म्हणाला. आणि शालूचा तो लाल, ओला हात त्याने किती तरी वेळ आपल्या गालाला लावून धरला.