कवी बकाराम यांच्या निधनाबाबत

गोंदियाच्या एका महाविद्यालयात एम.ए. मराठीच्या समीक्षेच्या पहिल्याच तासाला विभागप्रमुख डॉ. दुर्गाप्रसाद बिसेन यांनी जाहीर केले, की लेखक मेलेला आहे. कविता लिहून झाली की लेखक संपतो. पुढे अर्थ वाचकाच्या मालकीचा. टीनाने हे निष्ठेने लिहून घेतले आणि जवळच्या कुडवा गावी घरी येऊन आईला सांगितले.

"काऊन मेला वं? बिमार होता का?" वच्छलाबाईंनी विचारले. "आपल्याले आंघोळ करा लागंल का?"

सिद्धान्ताला सुतक नसते, हे टीनाने समजावले.

परीक्षेत कवी बकाराम यांच्या 'बगळा' या कवितेचा अर्थ विचारला होता. टीनाने लिहिले, की एका पायावर ताटकळत, मासा येईल या आशेवर उभा असलेला हा बगळा म्हणजे तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक होय. पेपर तपासणारे स्वतः तासिका तत्त्वावरच होते. उत्तर वाचून त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी शून्य गुण दिले. बिसेन सरांच्या आदर्श उत्तरात 'बगळा म्हणजे एकाकीपणा' असे छापले होते.

त्या शून्याने टीना नापास झाली. नापास झालीस तर शिक्षण बंद, असे बाबांनी आधीच बजावले होते. ती बिसेन सरांकडे धावली.

"सर, अर्थ वाचकाचा असते ना?"

"शंभर टक्के. पण तो वाचकाच्या नावावर चढायला पाहिजे," सर म्हणाले. "बाप मेला म्हणून शेत आपोआप पोराचं होतं का? फेरफार करावा लागतो. लेखकाच्या मृत्यूचा दाखला जोड, वारसांची ना-हरकत जोड. मग अर्थ तुझा."

कवी बकाराम इटियाडोह धरणाच्या कालव्यालगतच्या एका गावी राहत. टीना बसने पोचली तेव्हा ते धानाच्या बांधीत युरिया टाकत होते.

"तुमच्या मृत्यूचा दाखला पाहिजे होता जी," ती अवघडून म्हणाली.

"मी तं जित्ता आहो, बाई. थोडे दिवस थांबतेस का?"

"सोमवारी शेवटची तारीख आहे."

"मंग कठीण आहे." बकाराम मनापासून हळहळले. त्यांनी तिला चहा पाजला, तिचे उत्तर ऐकून मांडीवर थाप मारून हसले आणि लिहून दिले: 'मी हयात आहे. या मुलीने लावलेला अर्थ मला आवडला. तो तिनेच ठेवावा.'

बिसेन सरांनी चिठ्ठी परत केली. "लेखकाचं म्हणणं ग्राह्य धरता येत नाही. अभ्यासक्रमानुसार ते मयत आहेत."

"पण सर, मी त्यांच्यासंगं चहा पिऊन आली!"

"तो वैयक्तिक अनुभव. समीक्षेत त्याला जागा नाही."

"मयत आहेत, तं अर्थ माझा झाला ना!"

"दाखला कुठाय?"

प्रकरण महाविद्यालयाच्या परीक्षा समितीकडे गेले. एकच कवी अभ्यासक्रमात मयत आणि शेतात हयात, ही विसंगती दूर करणे समितीला आवश्यक वाटले. त्यासाठी महाविद्यालयाने रीतसर शोकसभा घ्यावी आणि सभेचे इतिवृत्त हाच दाखला मानावा, असे ठरले. टीनाने भीतभीत बकारामांना फोन केला.

"पोरीचं काम होऊन राहिलं तं मेलो समज," ते म्हणाले, आणि सभेला स्वतः आले. धुतलेला सदरा घालून ते शेवटच्या रांगेत बसले. व्याख्याते त्यांच्या एकाकीपणावर भरभरून बोलले. बकारामांच्या शेजारची खुर्ची रिकामीच होती. दोन मिनिटे स्तब्धता पाळताना सगळ्यांत ताठ तेच उभे होते. टीनाला हुंदका आवरेना; संवेदनशील विद्यार्थिनी म्हणून तिचे कौतुक झाले.

अशा रीतीने मृत्यू सिद्ध झाला. मात्र वारसांची ना-हरकत नसल्याने समितीने अर्थ बेवारस ठरवून विभागाकडे जमा केला. फेरपरीक्षेत टीनाने 'एकाकीपणा' लिहिले आणि ती पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण झाली.

त्या सभेतल्या एकाही वक्त्याने 'बगळा' ही कविता वाचलेली नव्हती. हसू आले ना? तुम्हीही ती वाचलेली नाही. तरी टीनाचा अर्थ बरोबर आणि सरांचा चूक, हे तुम्ही केव्हाच ठरवून टाकलेत.