सुखदेवकाकांचं ओलं पोतं

आमच्या गल्लीत कुणाचा संडास तुंबला की सुखदेवकाका इस्त्रीचा पांढरा सदरा घालून येतात. ग्रामपंचायतीच्या नळयोजनेवर व्हॉल्व्ह फिरवण्यात त्यांची हयात गेली. आता ते घरीच असतात, पण अमडापुरातलं सगळं पाणी अजून आपल्याच हाताखाली आहे अशी त्यांची समजूत आहे. आल्याबरोबर ते पाइपाला स्टीलचा पेला लावतात, पेल्याला कान लावतात आणि डोळे मिटतात. आपण काही विचारायला गेलो की म्हणतात, "थांब बे, पाणी इचार करून राह्यलं." पाणी कशाचा विचार करतं, हे मला आजतागायत समजलेलं नाही.

गेल्या सोमवारी आमचा कमोड तुंबला. आईचे गुडघे गेलेले, तिला उकिडवं बसता येत नाही. आणि गल्लीत कमोड दोनच. एक आमचा, दुसरा समोर सुखदेवकाकांकडे. काकूंना लकवा झाला तेव्हा त्यांनी तो बसवून घेतला होता. काकू जाऊन आता दोन वर्षं झाली.

म्हणजे दुरुस्ती होईपर्यंत आईला काठी टेकत गल्ली ओलांडणं आलं. मला तीच काळजी. काकांनी बांबूची कामटी घातली, सळई घातली, बाहेरचं चेंबर उघडलं, दोन बादल्या ओतल्या आणि कान लावून जाहीर केलं, "आतून कच्चं हाय. मी सांगेपर्यंत थेंबभर पाणी टाकू नोको." मग कमोडवर ओलं पोतं टाकून ते निघून गेले.

मंगळवारी म्हणाले, "हवा धरली." बुधवारी म्हणाले, "दाब बदलला." गुरुवारी बराच वेळ पेल्याला कान लावून बसले आणि "वहिनीले चहात साखर चालते का?" एवढंच विचारून गेले. सगळ्या गल्लीचे संडास तासाभरात मोकळे करणारा माणूस आमच्याच दारी काऊन अडला? माझं डोकंच चालेना. त्यात आई पाच मिनिटांसाठी जायची आणि तासाभरानं यायची.

शुक्रवारी माझा संयम सुटला. पोतं उचललं आणि बादली उपडी केली. पाणी गडगडत गेलं. दुसरी ओतली, तीही गेली. तिसरी कशाला ओतली कोण जाणे.

तसाच तणतणत समोर गेलो. आई ओसरीवर खुर्चीत बसून चहा पीत होती. काका खाली बसून शेंगा सोलत होते.

"काका, पाणी तर धडाधड जाऊन राह्यलं!"

"हाव," ते मान वर न करता म्हणाले. "सोमवारीच मोकळं झालं."

"मंग आईले काऊन हिंडवता? तिचे गुडघे तरी पाहा!"

त्यांचा हात थांबला. "ते नाही आलं गड्या ध्यानात. तुही काकू गेल्यापासून त्या दाराची कडी कोणी लावली नव्हती. सोमवारी सकाळी वहिनी आल्या, आतून पाण्याचा आवाज आला... मले रोज वाटलं, आजचा दिवस राहू द्यावं. चुकलं माह्यं."

माझा राग कुठं गेला कळलं नाही. 

आईनं कप खाली ठेवला. "गजू, ओरडू नोको. डॉक्टरनं मले रोज चालाले सांगतलं हाय. भाऊजी, उद्याबी येईन मी."

डॉक्टरांकडे तिला मीच नेलं होतं. महिनाभर घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, असं त्यांनी माझ्यासमोर बजावलं होतं. मी काकांजवळ मांडी घालून बसलो आणि शेंगा सोलायला लागलो.