रजनीबाईंच्या नवमीचा हलवा

केदारने पुण्याला परत जाताना गॅसचा रेग्युलेटर काढला, फडक्यात गुंडाळला आणि आपल्या बॅगेत टाकला. जगन्नाथराव स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून बघत होते. आठ दिवसांत त्यांनी दोन पातेली जाळली होती. एकदा तर गॅस चालू ठेवून ते बाजारात दोडके आणायला गेले होते. मुलाच्या जागी ते असते तर त्यांनीही हेच केलं असतं.

रेग्युलेटर गेला आणि ओट्यावर एक काळं, गोलसर यंत्र आलं. एअर फ्रायर.

“बाबा, ह्याला आग नसते. वेळ लावायची. वेळ झाली की घंटी वाजते आणि बंद होतं. तुमच्यासाठीच केल्यासारखं आहे.”

हे मात्र खरं होतं. जगन्नाथरावांनी एसटीत कंट्रोलर म्हणून एकतीस वर्षं काढली होती. खिडकीत बसायचं, घड्याळ बघायचं, गाड्या सोडायच्या. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी अंबडमध्ये लोक त्यांना अजून “काका, घनसावंगीची गाडी किती वाजता?” असं रस्त्यात थांबवून विचारत. घंटी वाजवणाऱ्या यंत्राशी त्यांचं बरं जमलं. पापड भाजणं आणि रोजचा डबा पुरवणाऱ्या प्रभावतीबाईंची पोळी गरम करणं, एवढंच काम ते यंत्र सात महिने करत होतं.

मग रजनीबाईंची नवमी आली.

रजनीबाई दीड वर्षापूर्वी चैत्रात गेल्या. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईची तिथी पितृपंधरवड्यातल्या नवमीला असते. त्या दिवशी तिच्या नावाने एक सवाष्ण जेवायला बोलवायची आणि गेलेलीच्या आवडीचा एक पदार्थ तिच्या पानात वाढायचा. सवाष्ण पोटभर जेवली की गेलेली जेवली. रजनीबाईंनी आपल्या सासूची नवमी अशीच सत्तावीस वर्षं केली होती. सासूला आवडायच्या म्हणून त्या दिवशी त्या गुळाच्या सांजोऱ्या करायच्या.

सवाष्ण ठरलेलीच होती. शेजारच्या द्वारकाबाई. रजनीबाईंची आणि त्यांची मैत्री मधल्या कंपाउंडच्या भिंतीएवढी जुनी होती. बाकीचा स्वयंपाक प्रभावतीबाई डब्यातून देणार होत्या, वरण, भाजी, खीर, वडे. पण आवडीचा पदार्थ जगन्नाथरावांनी स्वतः करायचं ठरवलं होतं.

“गाजराचा हलवा,” त्यांनी आदल्या दिवशी फोनवर सुनेला सांगितलं.

“बाबा, आईंना हलवा आवडायचा?” मधुवंतीने विचारलं.

“आवडत असंल की. दरवर्षी करायची. पण तिच्या वाट्याला कधी आलाच न्हाई. मला वाटीभर, केदारला वाटीभर, आल्यागेल्याला वाटीभर. आन् ती आपली मागं पायरीवर बसून कढई खरडायची. म्हणायची, मला एवढंच पुरे.”

“मी एअर फ्रायरमधल्या हलव्याचा व्हिडिओ पाठवते, बाबा,” मधुवंती म्हणाली.

“एकदा तरी तिच्या नावानं भरलेली वाटी जाऊ द्या,” जगन्नाथराव म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

गेल्या दीड वर्षात त्यांना बाकी काही एवढं लागलं नव्हतं. दवाखाना आठवायचा, शेवटचे दिवस आठवायचे, पण ते सगळ्यांच्याच घरी होतं. ती पायरीवरची कढई मात्र त्यांना जेवताना आठवायची आणि घास तिथेच थांबायचा.

नवमीच्या सकाळी ते सात वाजता भाजीबाजारात पोचले.

“तुळजाबाई, लाल गाजरं द्या दोन किलो.”

“काका, भादव्यात लाल गाजरं?” तुळजाबाई हसली. “मंग जाताना आंबे बी घेऊन जा.”

“दुसरं काही हाय का?”

“ही केशरी हायेत, बाहेरून आलेली. कोशिंबिरीला चालतेत. हलव्याला म्हणाल तर मी सांगणार न्हाई.”

जगन्नाथरावांनी केशरी घेतली. घरी येऊन त्यांनी दीड तास किसली. त्यात डाव्या हाताच्या दोन बोटांची सालं गेली. रजनीबाई दरवर्षी एवढी गाजरं किसत होत्या हे त्यांना माहीत होतं, पण त्याला किती वेळ लागतो हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं. गाड्यांचं सोडून दुसऱ्या कुठल्याही गोष्टीला किती वेळ लागतो हे त्यांनी बघितलं नव्हतं.

मोबाईलवर सुनेने एक व्हिडिओ पाठवला होता. त्यातली बाई हसत हसत पंधरा मिनिटांत एअर फ्रायरमध्ये हलवा करत होती. सुरुवातीला ती बरीच बडबड करत होती, म्हणून जगन्नाथरावांनी व्हिडिओ पुढे सरकवला. ‘यंत्राच्या जाळीवर आधी एक छोटा डबा ठेवा आणि सगळं त्यात घाला,’ हे वाक्य नेमकं त्या बडबडीत होतं.

त्यांनी किस थेट जाळीवर पसरला, वरून तूप सोडलं आणि दहा मिनिटांची वेळ लावली. दहा वाजून पाच मिनिटं.

आतला पंखा सुरू झाला. तिसऱ्या मिनिटाला आत काहीतरी फडफडायला लागलं. हलका झालेला किस वाऱ्याने वर उडत होता आणि तापलेल्या तारेला चिकटत होता. थोडा धूर आला. व्हिडिओतली बाई दर चार मिनिटांनी भांडं ओढून ढवळत होती. पण जगन्नाथरावांनी हात लावला नाही. स्टँडातून गाडी सुटली की तिला मागून हाक मारायची नाही, हा त्यांचा नियम होता. मागून हाक मारलेली गाडी कधीच वेळेवर पोचत नाही.

घंटी वाजल्यावर त्यांनी भांडं ओढलं. वरचा किस शेवेसारखा कडक झाला होता, खालचा कच्चाच होता.

“दूध घातलं की सारखं होईल,” ते रजनीबाईंच्या फोटोला म्हणाले. फोटो स्वयंपाकघरात नव्हता, समोरच्या खोलीत होता. पण दीड वर्षात त्यांना मोठ्याने बोलायची सवय झाली होती.

अर्धा लिटर दूध त्यांनी किसावर ओतलं. दूध क्षणात दिसेनासं झालं.

“पिलं की बराबर,” त्यांना समाधान वाटलं. गाजर चांगलं निघालं. त्यांनी उरलेलं अर्धा लिटरही ओतलं, तेही दिसेनासं झालं. मग वरून साखर टाकली, तीन वाट्या. जाळीला भोकं असतात आणि जाळीच्या खाली भांडं असतं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. सगळं दूध आणि निम्मी साखर खाली साचली होती. वर ओला किस तेवढा उरला होता.

अर्ध्या तासाची वेळ लावली. चौदा मिनिटं झाली आणि लाइट गेली.

जगन्नाथराव खुर्चीवर बसून राहिले. भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहिलं होतं, नवमी दुपारी एक चाळीसपर्यंत. द्वारकाबाईंना त्यांनी साडेबाराची वेळ दिली होती. लाइट साडेअकराला आली. यंत्र पहिलं सगळं विसरलं होतं. झालेली चौदा मिनिटं धरायची की नाही? अर्ध्या वाटेत बंद पडलेल्या गाडीच्या जागी दुसरी सोडायची, तर ती सुरुवातीपासून सोडायची. शिवाय उशीर झालेला, म्हणून थोडा वेग वाढवायचा. त्यांनी एक तास लावला आणि आच दोनशेवर नेली.

मग ते आंघोळीला गेले. सवाष्णीला वाढायचं तर सोवळ्यातच वाढायला पाहिजे. अंगावर, केसांत, चष्म्याला, सगळीकडे गाजर होतं. ते धुवायला वेळ लागला.

न्हाणीघर घराच्या पलीकडच्या टोकाला होतं आणि त्याचं दार बंद होतं. त्यांना वास आला तो डोक्यावर शेवटचा तांब्या घेताना. आणि त्याच वेळी मागच्या दारातून हाक आली.

“भाऊजी! ओ भाऊजी! टायर जाळून राह्यले का घरात?”

जगन्नाथराव धोतर सावरत बाहेर आले. स्वयंपाकघर निळं झालं होतं. धुरात द्वारकाबाई पदर नाकाला लावून उभ्या होत्या. अंगावर ठेवणीतली हिरवी साडी, हात भरून बांगड्या. यंत्राचा पंखा अजून फिरत होता.

“हात लावू नका वहिनी, वेळ अजून—”

“वेळ गेली चुलीत!” त्यांनी बटण बंद केलं, फडक्याने भांडं ओढलं आणि खिडकी उघडली.

जाळीवर काळे धागे होते. जाळी उचलली तर खाली भांड्याच्या तळाला एक जाड, तपकिरी, चकाकणारा थर बसला होता. कडेला काळा, मध्ये तांबूस. वाटीत घालण्यासारखं त्यात काही नव्हतं. वाटीत घालण्यासारखं ते निघणारच नव्हतं.

जगन्नाथरावांनी एकदा भांड्यात बघितलं, एकदा घड्याळात. बारा पंचवीस.

“वहिनी, तुम्ही पानावर बसा. मी मिठाईच्या दुकानातून आलोच. आत्ता गेलो आन् आलो.”

“उघड्या अंगानं?”

“सदरा घालतो. आज तिच्या नावानं भरलेली वाटी जायला पाहिजे. एवढ्या वर्षांत एक वाटी दिली न्हाई मी तिला. जळलेलंच खात गेली. आन् आज तिच्या पानात बी जळलेलंच...” ते भिंतीकडे तोंड करून सदरा शोधायला लागले. सदरा त्यांच्या खांद्यावरच होता.

मागे खर्र असा आवाज झाला.

द्वारकाबाईंनी उलथणं घेतलं होतं आणि भांड्याचा तळ खरडत होत्या. एक तुकडा निघाला. त्यांनी तो तोंडात टाकला, डोळे मिटले आणि बराच वेळ चावत राहिल्या. डोळे उघडले तेव्हा भरून आलेले होते.

“कडू लागला ना?” जगन्नाथराव म्हणाले.

“हेच,” द्वारकाबाई म्हणाल्या. “भाऊजी, अगदी हेच. तुम्हाला कुणी सांगितलं?”

“काय सांगितलं?”

द्वारकाबाईंनी उलथणं खाली ठेवलं. चोरी पकडल्यासारखं त्यांचं तोंड झालं होतं.

“आता ती न्हाई, म्हणून सांगते. रजनीला हलवा बिलकुल आवडत नव्हता. मऊ मऊ, म्हाताऱ्याच्या दातासाठी केल्यासारखा, असं म्हणायची. तिला आवडायची ती खरवड. वरचा सगळा हलवा तुमच्यासाठी काढून ठेवायची. मंग कढईत थोडं दूध, मूठभर साखर टाकून बारीक गॅसवर मुद्दाम लागू द्यायची. अर्धा अर्धा तास. आन् मला भिंतीवरून हाक मारायची. एक कढई, दोन चमचे. तुम्ही यायच्या आत संपवायचं.”

“पण मी तिला म्हणलो होतो, तू बी वाटीत घे...”

“तेव्हा आम्ही दोघी किती हसलो म्हणून सांगू! ती म्हणे, बिचाऱ्याला दया येऊन राह्यली माझी. सांगू नको, न्हाई तर खरवडीत बी वाटणी मागंल.”

जगन्नाथराव हळूच स्टुलावर बसले.

“मंग मी दीड वर्ष काय रडून राह्यलो?”

“रडा की,” द्वारकाबाई डोळे पुसत म्हणाल्या. “माणूस गेलंय, रडायचंच. फक्त हलव्यासाठी नका रडू. चला, वाढा. नवमी निघून जाईल.”

त्यांनी वाढलं. द्वारकाबाईंनी वरण-भात खाल्ला, वडे खाल्ले, खीर नुसती तोंडाला लावली. खरवड तीनदा मागून घेतली. “पोट भरलं का?” असं विचारायचं असतं, ते जगन्नाथरावांनी हात जोडून विचारलं.

“भरलं,” द्वारकाबाई म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, “दोघींचं भरलं.”

जगन्नाथरावांनी त्यांना कुंकू दिलं, नारळ आणि खण दिला, वाकून नमस्कार केला. एक पाच झाले होते. गाडी वेळेवर पोचली होती.

त्या गेल्यावर ते भांडं घेऊन मागच्या पायरीवर बसले. तळाला अजून बरंच शिल्लक होतं. त्यांनी चमच्याने एक तुकडा काढला. आधी कडू लागला, मग गोड, मग दुधाचा भाजका वास नाकात चढला. त्यांनी दुसरा काढला. तिसरा काढताना मात्र त्यांना थोडा राग आला. एवढी चांगली गोष्ट या बाईने जन्मभर आपल्यापासून लपवून ठेवली. राग आला आणि दीड वर्षात पहिल्यांदाच घास घशाखाली सरळ उतरला.

भिंतीवरून भागवतराव डोकावले. द्वारकाबाईंचे यजमान. माणूस गोडाचा भारी शौकीन.

“जगन्नाथराव, हलवा केल्ता म्हणे नवमीला? तुमच्याकडून आल्यापासून ही काही बोलायलाच तयार न्हाई. हाय का थोडा?”

जगन्नाथरावांनी भांडं हळूच धोतराच्या सोग्याखाली सरकवलं.

“न्हाई हो,” ते खाली मान घालून म्हणाले. “सगळा जळाला.”

“अरेरे. थोडा बी न्हाई राह्यला?”

“जळाला म्हणले ना ते!” भिंतीपलीकडून द्वारकाबाईंचा आवाज आला. “कशाला दुखावता त्या माणसाला? चला आत.”

भागवतरावांचं डोकं खाली गेलं. जगन्नाथरावांनी दार वाजल्याचा आवाज येईपर्यंत वाट बघितली. मग ते उठले, आत जाऊन आणखी एक चमचा घेऊन आले आणि तो पायरीवर आपल्या शेजारी ठेवला.